नकाशा क्रमांक एकतीस

मे महिन्यात दुपारी दोनला
मानेवाड्यात कुत्रंही रस्ता ओलांडत नाही.
मी मनगटाखाली टिपकागद घेतो,
घामानं शाई पसरू नये म्हणून,
आणि १९०८ सालात जातो.

लांबी एकशे अठ्ठावन्न मीटर. रुंदी सव्वीस.
बारा इंची तोफा दहा, पाच बुरुजांत.
कमरेला पोलादी पट्टा, अकरा इंच जाड,
टोकांकडे भाकरीसारखा पातळ होत गेलेला.

असं जहाज कुणी बांधलं नाही.
कुणी मागितलंही नव्हतं.
इथून कुठल्याही बाजूनं निघा,
समुद्र यायला एक अख्खी रात्र रेल्वेत जाते.
मी तो दोनदा पाहिला,
एकदा लग्नानंतर, एकदा युनियनच्या अधिवेशनाला,
आणि दोन्ही वेळा चपला हातात धरून नुसता उभा राहिलो.

सगळा खेळ वजनाचा.
तोफ वाढवली की पट्टा सोला,
पट्टा वाढवला की वेग जातो,
वेग हवा तर बॉयलर, बॉयलरला कोळसा, कोळशाला जागा,
जागेला लांबी, लांबीला पुन्हा पोलाद.
शेजारचे निमजे म्हणाले,
"म्हंजे पोरीच्या लग्नाचा हिशोबच म्हना न."
त्यांना तीन पोरी.
मी खोडरबर त्यांच्याकडे सरकवला.

सव्वीस क्रमांक फार देखणा होता.
तेलाच्या पिपाचा पत्रा कापून त्याचं अंग केलं,
पोटात शिसं, वर बुरुज,
आणि कूलरच्या टाकीत सोडलं.
रेयांश टॉर्च धरून वाकलेला.
क्षणभर ते ताठ उभं राहिलं, नव्या शिपायासारखं,
मग झोपेत कुणी कूस बदलावी तसं वळलं
आणि वाळ्याच्या वासाच्या पाण्यात तळाला गेलं.
"आबा, बुडलं न."
"डोकं जड झालं होतं त्याचं."
आतून सून ओरडली, पाणी काहून नाही येऊन राह्यलं?
पंपाच्या तोंडाशी माझा तिसरा बुरुज अडकला होता.

पुढच्या दोन नकाशांत बुरुज खाली घेतले.
एकोणतिसाव्यात माणसं मोजायला बसलो.
सातशे बेचाळीस.
तोफांवर इतके, स्वयंपाकाला इतके, एक न्हावी,
आणि पाण्याच्या रेषेखाली, अठरा बॉयलरपुढे,
फावडी घेतलेले एकशे साठ.

तीसवा अर्धाच राहिला.

कोराडीला मी बॉयलरवर सव्वीस वर्षं काढली.
राख ओढायला ठेकेदाराचा मंगरू उईके असायचा.
एका पाळीत दोन-तीनदा बाहेर येऊन बसायचा,
उन्हातल्या कोंबडीसारखं तोंड उघडं ठेवून.
एका जूनमध्ये बसला तो उठला नाही.
रजिस्टरात कारण लिहिलं, ऊन लागले.
तिथे आत ऊन कुठून येणार?
अक्षर माझं होतं.

तर एकतिसाव्यात
भट्टीखोलीवर चार रुंद झरोके आले,
वारा पकडणाऱ्या भोंग्यांसकट,
वाफेवरचे दोन पंखे,
आणि झरोक्याखाली बसायला एक बाक.
वजन सदतीस टन.
ते मी पट्ट्यातून काढलं. पाव इंच.

जाणकार हसेल.
झरोका म्हणजे चिलखताला भोक,
वरून पडणारा पहिला गोळा सरळ कोळशात.
मान्य. लढाईत हे जहाज
इतरांच्या आधी बुडेल.
पण त्या गोळ्याच्या आधी
आठ-नऊ वर्षं असतात,
आणि दिवसाला सहा पाळ्या.

रेयांश विचारतो, झेंडा कोणता?
साल १९०८. काय सांगू?
काठी काढली, केसाएवढी बारीक,
आणि तशीच मोकळी सोडली.

आता पत्रा हवा, जरा पातळ.
सुनेनं टाकीवर जाळी ठोकली आहे.
ती झोपली की
चार खिळे काढायचे आहेत,
आवाज न करता.